यादीबाहेरचा गोलंदाज

लासुर्ण्याकडे दोन हंगाम एकाच वेळी सुरू होतात. दिवाळीचे दिवे विझले की कारखान्याचे धुराडे पेटते, उसाच्या गाड्या बारामती-इंदापूर रस्त्याला लागतात आणि त्याच सुमारास गावोगावची पोरे मोकळ्या रानात पाणी मारून खेळपट्टी चोपू लागतात. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे या भागात गेली. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी पिऊन मीही थोडाफार इथलाच झालो. गळीत हंगामाच्या चर्चा मला ऐकाव्याच लागत, कारण कर्जाची वसुली त्यावर अवलंबून असे. दुसऱ्या हंगामाच्या चर्चा मात्र मी आवडीने ऐकत असे.

सामने सुरू व्हायला अजून पंधरा दिवस असायचे. मैदानावर धूळसुद्धा उडालेली नसायची. पण संध्याकाळी पारावर सगळे संघ खेळून व्हायचे. अंथुर्ण्याकडे यंदा कोण आहे, वालचंदनगरच्या कारखान्यात नवा लागलेला तो उंच पोरगा कुणाकडून खेळणार, याचा हिशेब मांडला जाई. फलंदाजांबद्दल फारसे कुणी बोलत नसे. फलंदाज काय, एखादा चालतोच. सगळा घोळ गोलंदाजांवर. पहिली चार षटके टाकायला दोघे आहेत, पण त्यांच्यानंतर कोण? डावखुरा एकच आहे, ऐन वेळी त्याचे बोट सुजले तर? समोरच्यांकडे पाच गोलंदाज आणि आपल्याकडे साडेतीन, असे बोटे मोडून सांगितले जाई. त्या अर्ध्या गोलंदाजावरून जी भांडणे व्हायची, ती बांधाच्या भांडणांपेक्षा कमी नसत.

एका संध्याकाळी पारावर बसणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी या भांडणात एक नाव टाकले आणि पोरे गप्प झाली. कुणालाच ते ठाऊक नव्हते. मलाही तेव्हा ओझरतेच ठाऊक होते. पुढे जमेल तसे वाचत गेलो आणि त्या नावाने मला धरून ठेवले. ते नाव होते बाळू पालवणकर. आपल्या देशातला पहिला मोठा गोलंदाज, आणि संघाच्या यादीवरून त्यांच्यासाठी जेवढा खल झाला तेवढा इथे क्वचितच कुणासाठी झाला असेल. तो खल त्यांच्या चेंडूबद्दल नव्हता, हे त्यातले दुखणे.

चार रुपये महिना

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत. बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला, पण वाढले ते पुण्यात. चार भावांत ते थोरले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे धाकटे. लष्करातले गोरे साहेब खेळून टाकून देत ती बॅट आणि चेंडू घेऊन या भावांनी क्रिकेटची मुळाक्षरे गिरवली.

शाळा लवकर सुटली. घरात खाणारी तोंडे बरीच होती. एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर ओढायचा, हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. मग 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तिथे चार रुपये मिळत. रोलर ओढायचा, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाच्या जाळ्या बांधायच्या, टेनिसची मैदाने आखायची. एक रुपयाची बढती म्हणजे तेव्हा एका घराला थोडी नव्हती.

जाळ्या बांधून झाल्या की साहेब मंडळी फलंदाजीच्या सरावाला उभी राहत. त्यांना चेंडू टाकायला कुणीतरी हवे. त्यांच्यातल्या एकाच्या सांगण्यावरून या पोराने चेंडू हातात घेतला. डावा हात, संथ गती, आणि चेंडू दोन्हीकडे वळवण्याची कला. टप्पा एकदा धरला की सुटत नसे. कुणी शिकवले नव्हते. तासन् तास, दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष चेंडू टाकत राहण्यातून ते आले.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. पायांची हालचाल चपळ, इंग्लंडमध्येही नाव कमावलेला. इतरांच्या आधी तासभर येऊन तो एकट्या बाळूंकडून सराव करून घेई. बाद केलेस तर प्रत्येक वेळी आठ आणे, असा त्याने सौदा केला होता, अशी गोष्ट सांगतात. बँकवाल्याच्या सवयीने मी तो हिशेब करून पाहिला. महिन्यात आठ वेळा ग्रेगचा बळी मिळाला तर पगार दुप्पट! गोष्ट खरी असो वा रंगवलेली, या सरावातून साहेबाची फलंदाजी सुधारली आणि नोकराची गोलंदाजी धारदार झाली. मात्र त्या क्लबात इतकी वर्षे राबूनही बाळूंच्या हातात कुणी एकदाही बॅट दिली नाही. बॅट धरणे हे साहेबाचे काम, घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे.

पुण्यातला खल

ही बातमी पेठांमध्ये पोचायला वेळ लागला नाही. पुण्यातल्या हिंदू खेळाडूंचा संघ होता आणि त्यांना पूना क्लबाच्या गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी यादी करायला मंडळी बसली, आणि पारावर चालतो तोच हिशेब सुरू झाला. फलंदाज आहेत. पण साहेबांचे वीस बळी घेणार कोण? गोऱ्यांच्या सगळ्या फलंदाजांना रोज चेंडू टाकणारा, कोण पुढे येतो आणि कोण मागे सरकतो हे अंतर्बाह्य जाणणारा गोलंदाज त्याच शहरात चार रुपयांवर रोलर ओढत होता. कोणत्याही शहाण्या माणसाने त्याचे नाव आधी लिहून मग बाकीचे दहा शोधले असते.

इथे मात्र दोन तट पडले. काही तेलुगू भाषक खेळाडू त्यांना घेण्याच्या बाजूने होते, तर काही ब्राह्मण खेळाडू विरोधात. अस्पृश्याने हात लावलेला चेंडू आपण झेलायचा कसा, हा प्रश्न. चेंडूवरचे कातडे कुणी कमावले, कुणी शिवले, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नव्हता. अशा चांगल्या गोलंदाजाला हिंदू मंडळी बाहेर ठेवतील तर तो त्यांचाच मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचे ग्रेगने वर्तमानपत्रांना कळवल्याचे सांगतात. आता ग्रेगला अस्पृश्यतेचा कळवळा होता की आपल्या सरावाच्या गोलंदाजाशी खऱ्या सामन्यात दोन हात करायची खुमखुमी, ते सांगता येणार नाही. पण जिंकण्याच्या मोहाने अखेर सोवळ्यावर मात केली आणि बाळूंचे नाव यादीत आले.

आले, पण अर्धेच. मैदानावर चेंडू सगळ्यांचा एक. चहाची वेळ झाली की बाकीचे दहा जण आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, पंगत वेगळी. तोंड धुवायचे तर पाणी घालायला त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर लागे. ज्याच्या बोटांच्या जोरावर सामना जिंकायचा, त्याच्या बोटांचा पेल्याला स्पर्श नको, अशी ही व्यवस्था होती.

पुण्याच्या हिंदूंनी पूना क्लबाला हरवले. मग संघ साताऱ्याला गेला. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, असे सांगतात. पण जन्मभर रोलर ओढलेल्या माणसाला रोलरची काय भीती? त्यांनी सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. परतल्यावर पुण्यात कौतुक झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे विचारले, की बरोबर खेळायला चालते तर बरोबर खायला-प्यायला का चालू नये. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. ज्या शहराने मातीचे भांडे दिले त्याच शहराने हारही घातला.

1906 चा फेब्रुवारी

1896 साली प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथेही हिंदू जिमखान्याच्या यादीचा प्रश्न उभा राहिला. कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला, म्हणून दार उघडले. बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी लागली. धाकटा शिवरामही तोवर चांगला फलंदाज झाला होता.

त्या काळची मुंबई क्रिकेटवर किती जीव टाकत असे, याची आज कल्पना करणे कठीण आहे. आधी गोरे आणि पारशी असे सामने होत. मग हिंदूंनी आव्हान दिले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन सामना ठरला. साहेबांकडे इलाख्यातल्या छावण्यांमधून निवडलेले खेळाडू. हिंदूंकडे बळी घेणारी मुख्य जोडी बाळू आणि इराशा. दोघांतला एक थकला तर काय, हा पारावरचा प्रश्न तेव्हाही होताच.

हिंदूंनी 242 धावा केल्या. युरोपियन 191 मध्ये आटोपले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या 160. म्हणजे साहेबांना जिंकायला 212 हव्या होत्या. ते 102 धावांत गारद झाले. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. मैदानाच्या कडेला उभी असलेली हजारो माणसे वेडी झाली. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सुधारकांच्या वर्तमानपत्रांनी आणखी एक गोष्ट हेरली. हा विजय जातिभेद थोडासा बाजूला ठेवल्यामुळे मिळाला, मग तो पुरताच बाजूला ठेवला तर?

1907 पासून पारशी धरून तिरंगी सामने सुरू झाले आणि 1912 पासून मुसलमान संघ आल्यावर ते चौरंगी झाले. धर्मावरून संघ पाडायची ही पद्धत आज आपल्याला खटकते, आणि खटकावीच. पण त्या हिंदू संघात हिंदू म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न बाळूंच्या डाव्या हाताने उभा केला होता.

एका खांद्यावरचा दौरा

1911 साली सर्व हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. संघात पारशी, हिंदू, मुसलमान, शीख असे सगळे होते. बाळू आणि शिवराम दोघेही होते. महाराजांचा बराचसा वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला. संघ हरत राहिला. पहिल्या दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी लेस्टरशायर आणि सॉमरसेट एवढ्या दोघांना त्यांनी हरवले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकले.

या हरण्यातही एक माणूस उभा होता. पस्तिशीतले बाळू दुखरा खांदा घेऊन दिवस दिवस गोलंदाजी करत होते. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्यांनी 75 बळी घेतले. सगळे सामने धरले तर शंभराच्या वर. परक्या देशात, थंड हवेत, मऊ हिरवळीवर. समोरचे संघ रोज ताजा दमाचा गोलंदाज पुढे करत आणि इकडे पुन्हा पुन्हा त्याच खांद्याकडे चेंडू जाई. पारावरची पोरे गोलंदाजीची फळी म्हणतात, ती नसली की काय होते ते या दौऱ्यात दिसते. फळीच नव्हती. एकच खांब होता.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने तयार केले होते, असे अभ्यासक सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्या यष्ट्या उडवून आला, याचे त्या विद्यार्थ्याच्या मनाला काय वाटले असेल!

कर्णधार कोण?

यादीत नाव आले. पण यादीच्या डोक्यावर कधी येणार? वर्षानुवर्षे हिंदू संघाचे सर्वांत अनुभवी खेळाडू बाळू होते, आणि वर्षानुवर्षे कर्णधार दुसराच कुणीतरी होई. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनीच मोकळ्या मनाने कबूल केले, की हा मान खरे तर बाळूंचा होता. पैंचा मोठेपणा खरा. पण कबुलीने मान मिळत नाही.

1920 साली प्रकरण तापले. पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळलेले. विठ्ठल तेव्हा हिंदूंच्या उत्तम फलंदाजांपैकी एक आणि ज्येष्ठ. तरी कर्णधारपद पुण्याच्या देवधरांकडे गेले. देवधर मोठे खेळाडू, पुढे ते भारतीय क्रिकेटचे भीष्माचार्य ठरले, हे कुणी नाकारणार नाही. पण शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते हे लोकांपुढे उघड मांडले. इतकी वर्षे मातीच्या भांड्यातला चहा मुकाट प्यालेल्या घराने पहिल्यांदा भांडे खाली ठेवले. मुंबईत चर्चा पेटली. अंतिम सामन्याला पै परतले, भावांना बोलावणे गेले आणि पंचेचाळिशीच्या घरातले बाळू उपकर्णधार झाले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. थोड्याच वेळापुरती, पण आली. त्याच साली धाकट्या गणपतचे अकाली निधन झाले होते, हेही विसरू नये.

1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. पुण्यात चुन्याच्या रेघा मारणाऱ्या थोरल्या भावाने तीस वर्षांपूर्वी सुरू केलेला डाव धाकट्याने पुरा केला. विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिले, म्हणून या घराची हकिगत आपल्यापर्यंत पोचली.

दोन हजार वीस मते

खेळ थांबला तशी माणसे विसरू लागली. बाळू राजकारणात उतरले. 1932 च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. वेगळे मतदारसंघ हवेत की एकत्र, या वादात ते एकत्र राहण्याच्या बाजूचे होते. ज्यांनी बाहेर बसवून चहा दिला त्यांच्याचबरोबर राहायचे, हे त्यांनी का निवडले, याचे उत्तर कदाचित त्यांच्या खेळात असेल. आत शिरून, टप्पा न सोडता, एकेक बळी घेत जायचे, हीच रीत त्यांना ठाऊक होती. बाबासाहेबांना ही वाट फसवी वाटत होती, आणि त्यांच्यापाशीही अनुभवाचा मोठा साठा होता.

1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत दोघे समोरासमोर उभे ठाकले. काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना तिकीट दिले. एकेकाळी ज्याने आपले मानपत्र लिहिले त्याच्याशीच लढायचे! आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. मला या निकालात काँग्रेसची चतुराईही दिसते. वर्षानुवर्षे ज्यांना संघनायक केले नाही, त्यांचे नाव अवघड सामन्यासाठी बरोबर आठवले. पण एवढ्या मोठ्या नेत्यापुढे अकरा हजारांवर मते मिळाली, यावरून थकलेल्या गोलंदाजाचे नाव मुंबईत किती घरांत घेतले जात होते, तेही कळते.

4 जुलै 1955 रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 चा, म्हणजे ते कसोटी कधी खेळले नाहीत. पहिल्या दर्जाचे अवघे 33 सामने, बळी 179, आणि प्रत्येक बळीमागे पंधराच्या आसपास धावा. नंतरच्या पिढ्यांना हे नाव जवळजवळ नव्याने शोधून काढावे लागले.

माझी यादी

शेवटी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या नोकरीच्या काळातच एका गावच्या संघाची प्रवेशयादी लिहायचे काम माझ्याकडे आले होते. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. साहेबांचे अक्षर चांगले, म्हणून मला बसवले. मंडळी नावे सांगत होती, मी लिहीत होतो. बाजूला एक पोरगा खेळपट्टीवर पाणी मारत होता. महिनाभर त्याने सगळ्यांना सरावाचे चेंडू टाकले होते. मी स्वतः पाहिले होते, त्याचा चेंडू कुणाला कळत नव्हता. अकरा झाली, राखीवचे दोघे झाले. त्याचे नाव कुणी घेतले नाही. तो मान वर न करता पाणी मारत राहिला. मला विचारता आले असते. कर्जाच्या कागदावर एक सही राहिली तर मी माणसाला तीनदा हेलपाटे घालायला लावत असे. त्या दिवशी मात्र मी पेनला टोपण लावले आणि कागद पुढे सरकवला.

तो संघ पहिल्याच सामन्यात हरला. जिंकला असता तरी माझ्या टोचणीत फरक पडला नसता.

अजूनही कधी त्या बाजूला जाणे होते. पारावर मोबाइल घेऊन बसलेली पोरे लिलावात कुणाला किती कोटी मिळाले आणि कुणाकडे गोलंदाज कमी पडणार यावर तावातावाने भांडत असतात. मी बाजूला बसून ऐकतो. मध्येच विचारतो, की तुमच्या संघाची यादी झाली का. झाली असेल तर वाचून दाखवायला सांगतो. आणि मग, खेळपट्टीवर पाणी कोण मारते, तेही विचारतो.